पायाखाली नसलेला ब्रेक

हे सदर मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर टिंगल करायलाच वाचते. कुणाच्या खिडकीत कोण उभं राहिलं, कुणाला गेलेल्या काकूंचा फोन आला... वाचायचं, चहा संपवायचा आणि "यांना झोप कमी पडते" म्हणत पान उलटायचं. मी अमावास्येला नव्या गाडीची डिलिव्हरी घेतलेली बाई आहे. गाडीला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या माणसाला "आधी टायरमधली हवा बघ" म्हणून परत पाठवलेलं आहे. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याची मला थोडी लाजच वाटतेय. पण लिहायचं ठरवलंय, कारण यात एका माणसावर माझ्याकडून अन्याय झाला आणि तो मी चारचौघांत कबूल करायला हवा.

मी मुलुंडला राहते. गेली सोळा वर्षं माझं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. दोन गाड्या, एक छोटं ऑफिस, आणि शिकवणारे दोघं — एक मी आणि दुसरे परबकाका. काका मूळचे कुडाळकडचे, राहायला भांडुपला, वय आता साठीच्या आसपास. आधी टेम्पो चालवायचे, स्कूल सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे आहेत. सोळा वर्षांत त्यांच्या गाडीला एक ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या गाडीला तीन.

ज्यांनी क्लास लावलाय त्यांना माहीत असेल — शिकवायच्या गाडीत डावीकडे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच बसवलेले असतात. शिकणारा घाबरला की आपण आपला ब्रेक दाबायचा. सोळा वर्षं हेच केल्यामुळे माझा उजवा पाय आता माझ्या ऐकण्यातला राहिलेला नाही. रिक्षात बसले तरी तो दाबतो. मैत्रिणीच्या गाडीत बसले की तिच्याआधी माझा ब्रेक लागतो — नुसत्या मॅटवर! घरचे यावरून मला यथेच्छ पिडतात.

दुसरी माझी सवय म्हणजे पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घेतलेलं एक वाक्य: "आधी पायाखाली बघा." सीटवर बसलं की चावीला हात लावायच्या आधी खाली वाकून बघायचं. चप्पल, छत्री, बाटली, काही म्हणजे काही पेडलपाशी असता कामा नये. ऑफिसच्या भिंतीवर मी हे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझीच फजिती आहे.

माझी धाकटी बहीण प्राजक्ता नवऱ्याबरोबर मस्कतला असते. गेल्या जानेवारीत मी पहिल्यांदाच दहा दिवस सुट्टी घेऊन तिच्याकडे गेले. काकांना म्हटलं, "काका, सगळं तुमच्यावर." ते म्हणाले, "जा तू बिनघोर, वर्षा." त्यांनी मला अगं-तुगं करायला मीच सांगितलंय, "मॅडम" ते फक्त रागावल्यावर म्हणतात.

माझा मेहुणा निखिल तिकडे इंजिनीअर आहे आणि दर शुक्रवारी डोंगरात गाडी घालणं हे त्याचं वेड. आपल्याकडचे डोंगर म्हणजे झाडी, धबधबे. तिकडचे तसे नाहीत. हजर नावाची ती डोंगररांग म्हणजे नुसता उघडा दगड — मातकट, करडा, काही ठिकाणी तर जळल्यासारखा काळा. मैलोन्‌मैल गवताची काडी दिसत नाही. एक रस्ता त्या डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे उतरतो. रस्ता कसला, कड्याच्या कुशीत खोदलेली खडीची पट्टी. एका बाजूला भिंत, एका बाजूला काहीच नाही. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी असल्याशिवाय तिकडे जायचंच नाही असं निखिल म्हणाला.

त्या शुक्रवारी सकाळी सातला आम्ही निघालो. निखिल चालवायला, प्राजू आणि तिची आठ वर्षांची ओवी मागे, आणि मी पुढे. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे मी उजवीकडे. अगदी चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. आयुष्यभर उजवीकडे बसले की हातात स्टिअरिंग आणि डावीकडे बसले की पायात ब्रेक. इथे हातही रिकामे, पायही रिकामे. घाट सुरू झाल्यापासून माझा पाय मॅटवर दणादण पडत होता.

"ताई, मॅट फाटेल," निखिल म्हणाला.

"तू वळणावर हॉर्न दे आधी."

"मावशी, तुझा ब्रेक लागत नाहीये इकडे," मागून ओवी.

"इकडचं सिमकार्ड घातलेलं नाही ना तिच्या ब्रेकला," प्राजू म्हणाली आणि तिघंही हसले. मीही हसले.

निखिल चांगला चालवत होता हे कबूल करायला हवं. उतारावर लो गियर, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्या जोरावर हळूहळू उतरणं... मी उगीच चुका शोधत होते आणि सापडत नव्हत्या. मध्ये एका सपाट जागी थांबून आम्ही घरून आणलेले पराठे खाल्ले. तिथे वाराही नव्हता. मुंबईकर माणसाला शांततेची सवय नसते. माझ्याच कानातला आवाज मला ऐकू येत होता. पन्नास पावलांवर एका दगडावर एक बकरी उभी होती आणि आमच्याकडे नव्हे, आमच्या गाडीच्या पुढच्या सीटकडे बघत होती. मी तिथे नव्हते, खाली सतरंजीवर होते. बकऱ्या कुठेही बघतात, मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

निघताना ओवीला तहान लागली म्हणून मी माझी स्टीलची बाटली मागे दिली. मुलुंडहून नेलेली, कारण मला प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी चालत नाही. ती पाणी प्यायली, तिने बाटली पायाशी ठेवली, आणि मी... सोळा वर्षं भिंतीवर वाक्य रंगवून बसलेली मी, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

पुढचं वळण इतकं अरुंद होतं की गाडी एका दमात वळेना. पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे. प्राजू मागे उभी राहून सांगायला म्हणून खाली उतरली. आम्हा दोघींना वळण फार भारी वाटलं म्हणून ती मोबाईलवर शूटही करत होती. निखिलने गाडी रिव्हर्स घेतली. प्राजूने मागून "बस, बस!" म्हटलं. मग त्याने गाडी पुढे घेतली. समोर काचेत फक्त आकाश होतं आणि खाली कुठेतरी, फार खाली, सुकलेल्या नदीची पांढरी रेघ.

गाडी उताराला लागली. निखिलने ब्रेक दाबला. मला त्याचा गुडघा हललेला दिसला, पण गाडी काही थांबेना.

"ताई," तो म्हणाला. ओरडला नाही, अगदी हळू म्हणाला. "ब्रेक खाली जात नाहीये."

आणि माझा पाय पडला.

आता मी जे लिहिणार आहे ते जसं घडलं तसंच लिहितेय. माझ्या पायाखाली मॅट नव्हती. पायाखाली पेडल होतं. ते दोन बोटं पोकळ खाली गेलं, मग एक बारीकसं 'कुर्र' झालं आणि मग त्याने पकड घेतली. गाडी गचकन थांबली. खडी पुढे घरंगळली आणि तिचा खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

मला आश्चर्यही वाटलं नाही, कारण माझ्यासाठी ते रोजचंच होतं. शिकणारा घाबरला, मी ब्रेक दाबला. पाय न उचलता मी निखिलला म्हटलं, "हँडब्रेक ओढ. गाडी पार्किंगला टाक. आता पाय काढ." त्याने सगळं केलं. मग मी विद्यार्थ्यांना शिकवते तसा माझा पाय सावकाश वर घेतला आणि खाली बघितलं.

काळी मॅट, तिच्यावर चिवड्याचं रिकामं पाकीट. बाकी काही नाही.

आम्ही उतरलो तेव्हा पुढचं उजवं चाक कड्यापासून एका वितीवर होतं. निखिलच्या ब्रेकखाली, मागून सीटखालून घरंगळत आलेली माझी स्टीलची बाटली आडवी अडकली होती. तिला खोल पोचा आला होता. निखिल खडीवर बसला आणि त्याने ओवीला मांडीवर घेतलं. प्राजूचा चेहरा मी सांगत नाही.

नंतर निखिल म्हणाला, "मी जीव खाऊन दाबला. बाटली चेपली, तेवढं पेडल खाली गेलं. म्हणून थांबली." इंजिनीअर माणूस आहे, त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मी माझ्या पायाचं कुणालाच बोलले नाही. काय बोलणार? बाटली तर माझीच होती. पोरीचा जीव माझ्या बाटलीने जात होता आणि वर मी म्हणू की माझ्या पायाने वाचला?

पलीकडे उतरून खाली गावात आलो तेव्हा चार वाजले होते. फोनला रेंज आली आणि मुलुंडहून आलेले अकरा मिस्ड कॉल्स दिसले. परबकाकांच्या गाडीला अपघात झाला होता.

मुलुंडच्याच योगी हिल्सच्या उतारावर ते गोगटेबाईंना शिकवत होते. गोगटेबाई म्हणजे रिटायर झाल्यावर हौसेने गाडी शिकणाऱ्या, फार सज्जन बाई. गाडी उतारावरून सुटली आणि सोसायटीच्या भिंतीवर जाऊन आदळली. बाईंचं मनगट मोडलं, काकांचा गुडघा. गोगटेबाईंच्या मिस्टरांनी मला फोनवर सुनावलं की तुमचा माणूस मोबाईलवर बोलत असणार, नाहीतर ब्रेक दाबायला काय झालं होतं?

मी तशीच तापलेली, घाबरलेली. काकांना हॉस्पिटलमध्ये फोन लावला.

"काका, ब्रेक का नाही दाबलात?"

"मॅडम, मी पाय ठेवलंय. थंय ब्रेक नाय होतो."

"नव्हता म्हणजे?"

"नाय होतो म्हणजे नाय होतो. नुसतो पत्रो. देवाशप्पथ सांगतंय."

"ब्रेकला काय पाय फुटले का काका? सोळा वर्षं तिथेच आहे ना तो? आज बरा गेला!"

आणि मी म्हणाले — मला हे लिहितानाही घाम येतोय — "गुडघा बरा झाला तरी आता गाडीवर बसू नका. चावी ऑफिसात द्या."

"बरां," एवढंच म्हणाले. त्यांच्या पुतण्याने दुसऱ्याच दिवशी चावी आणून दिली, असं ऑफिसातून कळलं.

चार दिवसांनी मी परत आले. गाडी गॅरेजला होती, तिथे गेले. सलीमभाईंनी पुढचा भाग उघडून ठेवला होता, पण म्हणाले, "मॅडम, ब्रेक एकदम ओके है. दोनो तरफ का. खुद देखो."

मी डाव्या सीटवर बसले आणि पाय ठेवला. दोन बोटं पोकळ. मग 'कुर्र'. मग पकड.

माझ्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक असा नाही, तो वरच पकडतो. काकांच्या गाडीचा मात्र वर्षानुवर्षं असाच आहे. काका कधी दुरुस्त करू द्यायचे नाहीत, म्हणायचे माझ्या पायाला सवय आहे. त्यांच्या गाडीवर मी कधीतरी बसायचे, त्यामुळे तो माझ्या पायाला ओळखीचा होता. आणि त्या डोंगरात माझ्या पायाखाली आला तो हाच होता. माणूस आवाज विसरेल, चेहरा विसरेल, पण शिकवणाऱ्याचा पाय पेडल विसरत नाही.

मी खाली वाकून बघितलं. पेडलच्या रबराच्या खाचांमध्ये करड्या रंगाची बारीक धूळ बसली होती. तशीच धूळ माझ्या बुटांच्या तळाला होती, घरी मी ते अजून धुतले नव्हते. आता गॅरेजमध्ये कसलीही धूळ असते. भिंत फुटली होती, सिमेंटची असेल. मी स्वतःला तेच सांगितलं आणि तशीच गोगटेबाईंकडे गेले.

बाई प्लास्टरमधला हात सावरत म्हणाल्या, "अहो, फोनवर नव्हते हो ते. हे आमचे उगीच बोलले. ते खाली वाकून बघत होते. त्यांचा पाय नुसता पत्र्यावर आपटत होता, थाड थाड. 'ब्रेक खंय? ब्रेक खंय?' म्हणून ओरडत होते. मला आधी काही कळलंच नाही... आणि भिंतीवर आदळलो तेव्हा म्हणाले, 'हो बघा, इलो!' आला म्हणे, ब्रेक!"

किती वाजले होते, मी विचारलं. सोसायटीच्या कॅमेऱ्यात एक चाळीसची वेळ आली होती म्हणे.

मी घरी आले आणि प्राजूने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यात गाडीचे मागचे लाल दिवे अचानक पेटलेले दिसतात. तिला फोन करून विचारलं, तुझ्या मोबाईलमध्ये याची वेळ काय दाखवते? म्हणाली, बारा दहा. मी सुटकेचा श्वास सोडला. बारा दहा आणि एक चाळीस — दीड तासाचं अंतर. म्हणजे उगीच माझ्या डोक्याचे खेळ. तेवढ्यात प्राजू म्हणाली, "ताई, जरा नंतर बोलू? ओवीचा क्लास आहे, साडेचार झाले."

माझ्या भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं हे मला काय माहीत नव्हतं? दहा दिवस राहून आले होते. पण घाबरलेल्या माणसाला जे नको असतं ते त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडुपला काकांच्या घरी गेले. काका पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बसा मॅडम." ते 'मॅडम' मला इतकं लागलं की मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं — वळण, बाटली, पाय, ते 'कुर्र', धूळ, दीड तास. काकूही आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मध्ये मला वाटलं, हे ऐकून काका म्हणतील पोरीला वेड लागलंय. किंवा म्हणतील, माझा ब्रेक नेलास, माझा गुडघा नेलास, सोळा वर्षांचं नाव नेलंस आणि वर मलाच घरी बसवलंस? म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी स्टुलावरचा पाय सावरून ठेवला. मग विचारलं, "गाडीत कोण कोण होता?"

"मी, मेहुणा, आणि बहिणीची मुलगी. आठ वर्षांची."

"चेडवाक काय झाला नाय मां?"

"नाही काका. काहीच नाही झालं तिला."

"मगे ब्रेक वाया नाय गेलो," काका म्हणाले आणि काकूंकडे वळले. "चाय टाक गो. वर्षा इली हा."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. लहानपणानंतर अशी कधी रडले नव्हते.

काका आता परत गाडीवर आहेत. जरा लंगडतात, पण शिकवण्यात काही फरक नाही. ब्रेकची ती दोन बोटांची पोकळी त्यांनी याहीवेळी दुरुस्त करू दिली नाही. गोगटेबाई त्यांच्याकडेच शिकून लायसन्सच्या टेस्टला पास झाल्या. निखिलला मी अजून काही सांगितलेलं नाही, तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. त्याच्याकडे बाटलीचं उत्तर तयार असेल, आणि ते बरोबरही असेल कदाचित. पण पत्र्यावर आपटणाऱ्या काकांच्या पायाचं उत्तर त्याच्याकडे नाही, सलीमभाईंकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

फक्त एक झालंय. मी आता दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसत नाही. मागे बसते, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. लोक हसतात, हसू देत. समोर एखादा रिक्षावाला आडवा आला की उजवा पाय आजही शिवशिवतो. मग मी गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवते. कारण चुकून तो पाय खाली पडला, आणि पायाखाली पुन्हा काही आलं, तर ते या वेळी कुणाच्या पायाखालून आलेलं असेल ते मला माहीत नाही.